इंचाला दहा टाके

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो नायगाऱ्याचा. दुसरा, न्यूयॉर्कच्या मशालवाल्या बाईचा. आपण या दोन्ही परीक्षांत नापास झालो, की तिसरा प्रश्न ठरलेला असतो, "मग इतके दिवस तिथे केलेत तरी काय?" मी तीन महिने माझ्या लेकीकडे ॲक्रन या गावी होते. ॲक्रन ओहायो राज्यात आहे. केवळ ते पाहण्यासाठी कुणी मुंबईला विमानात बसत नाही आणि प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत त्याचे चित्रही नसते. पण त्या गावाच्या आसपास मी असा एक प्रवास केला, की तो ऐकून लेकीच्या शेजारणीही चकित झाल्या. मी एका पिशवीचे माहेर शोधत हिंडले!

आता ही पिशवी कोणती, ते आधी सांगायला हवे. वीतभर लांब, तिच्याहून थोडी कमी उंच. मागची बाजू गोधडीसारखे टाके घातलेल्या जाड कापडाची, पुढची बाजू काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकची, आणि वर चेन. माझी लेक अशा पिशव्या शिवते. विकायला नव्हे, हौसेने. त्या देशात ही हौस पुष्कळ बायकांना आहे. तिच्या घरात मी पाहिले, तर औषधाच्या गोळ्या एका पिशवीत, नातवंडांच्या रंगाच्या कांड्या दुसरीत, विणायच्या सुया तिसरीत, पासपोर्ट चौथीत. न उघडता आतले सारे दिसते. आपल्या आजीच्या बटव्याची आणि आजोबांच्या चंचीची ही अमेरिकेतली धाकटी बहीण म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की बटव्यात काय दडले आहे हे आजीवाचून कुणाला ठाऊक नसे, आणि हिच्या पोटातले गुपित साऱ्या घराला दिसते.

एका रात्री जेवणे झाल्यावर मी सहज म्हटले, "ही अक्कल काढली तरी कुणी?"

आमचे जावई रसायनशास्त्रातले. ॲक्रनला रबर आणि प्लास्टिक यांच्या अभ्यासाचे मोठे विद्यापीठ आहे. त्या निमित्ताने ते या गावी आले आणि इथलेच झाले. ते म्हणाले, "आई, पिशवी कुणी काढली ते कुणालाच सांगता यायचे नाही. पण तिच्यात वस्तू तीन. प्लास्टिक जन्मले ते आपल्याच गावात. चेन वाढली ती इथून दोन तासांवर, पण तिचे बारसे झाले तेही इथेच. आणि टाक्यांचे जन्मगाव हे नव्हे, पण सासर म्हणाल तर एका तासावर आहे. येता पाहायला?"

अशा बोलावण्याला नाही कसे म्हणायचे?

* * *

मात्र निघण्यापूर्वी माझ्या पेटीतल्या एका वस्तूविषयी सांगते, कारण ती या प्रवासात आमच्याबरोबर होती.

आम्ही चौघी बहिणी. आईच्या मागे तिच्या पाटल्या, तांब्यापितळेची भांडी, देव, सारे काही शब्दानेही शब्द न वाढता वाटले गेले. राहिली एक गोधडी. आईने ती उन्हाळ्याच्या दुपारी, ओसरीवर, कोपऱ्यांवर चार वरवंटे आणि वाट्या ठेवून शिवलेली. शेवटची वर्षे आई माझ्याकडे होती, म्हणून गोधडीही माझ्याकडे राहिली. वर्षश्राद्धाच्या दिवशी अक्का एवढेच म्हणाली, "म्हणजे गोधडी तुझ्याकडेच राहणार म्हणायची." मी काही बोलले नाही. तीही पुढे काही बोलली नाही. आणि मग तिचे फोन हळूहळू यायचे थांबले. सोन्यावरून न झालेले भांडण चिंध्यांवरून झाले!

ती गोधडी नातीला पांघरायला म्हणून मी अमेरिकेला नेली. एका बाजूने ती विरली होती, दोन कोपरे फाटले होते, मधला भाग मात्र जसाच्या तसा होता. लेकीने ती पलंगावर पसरली, हात फिरवला आणि म्हणाली, "आई, रागावू नकोस. चांगल्या भागातून चार पिशव्या निघतील. चौघी बहिणींना चार."

मी गोधडीची घडी घातली आणि ती परत पेटीत ठेवली. आईच्या हातच्या वस्तूला कात्री? छे!

* * *

ॲक्रन हे नाव ग्रीक भाषेतल्या उंचवट्यावरून आले आहे. १८२५ मध्ये कालव्याच्या काठी हे गाव वसले. १८७० मध्ये बेंजामिन गुडरिच नावाचा एक डॉक्टर इथे आला आणि त्याने रबराचा कारखाना काढला. पुढे १८९८ मध्ये गुडइयर आली, १९०० मध्ये फायरस्टोन आली, आणि मोटारगाड्यांचे युग सुरू झाल्याबरोबर या गावाचे भाग्य टायरासारखे फुगले. १९१० मध्ये ६९ हजार वस्ती होती; १९२० मध्ये ती २ लाख ८ हजारांवर गेली. दहा वर्षांत तिप्पट! जगाची रबराची राजधानी असे गाव स्वतःला म्हणवून घेत असे. त्या काळी वाळत घातलेल्या कपड्यांनाही रबराचा वास येई, असे जुनी माणसे सांगतात.

जावयांनी मोटार गावाच्या मध्यभागी उभी केली. समोर लाल विटांच्या लांबच लांब इमारती. गुडरिचचा हा जुना कारखाना. आता तिथे कचेऱ्या आणि लहानमोठे उद्योग आहेत. याच कंपनीने १९२३ मध्ये पावसाचे बूट काढले. बुटांना बटणांच्या ऐवजी सरकती कडी होती. ती ओढली, की 'झिप्' असा आवाज होई. त्या आवाजावरून कंपनीचे अध्यक्ष बर्ट्रम वर्क यांनी बुटांचे नाव ठेवले 'झिपर'. नाव बुटांचे होते, पण लोकांनी ते कडीला चिकटवले. बाळ एकाचे आणि बारसे दुसऱ्याच्या घरी, असा हा प्रकार!

प्लास्टिकची गोष्ट याहून मजेची. व्हिनाइलचा मूळ पदार्थ शास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होता. पण तो कडक, ठिसूळ. कशाच्याच उपयोगाचा नाही. १९२६ मध्ये वाल्डो सीमन नावाचा तरुण रसायनज्ञ गुडरिचमध्ये लागला. त्याला काम दिले होते धातूला रबर चिकटवणारा पदार्थ शोधण्याचे. त्या खटपटीत त्याने हा टाकाऊ पदार्थ अतिशय उष्ण अशा एका तेलकट द्रवात विरघळवला. थंड झाल्यावर पाहतो, तर हातात आला लवचीक, ताणला जाणारा, पाण्याला दाद न देणारा गोळा. चिकटण्याचे नावच नाही!

आता याचे करायचे काय? इथे गोष्टीत त्याची बायको येते. सांगतात, की ती घरी न्हाणीघराचे पडदे शिवत होती. रबर लावलेले सुती कापड होते ते. ते पाहून सीमनच्या डोक्यात आले, की कापडावर आपलाच पदार्थ का पसरू नये? तसा तुकडा करून तो तडक वरिष्ठांच्या खोलीत गेला, त्यांच्या टेबलावरच्या कागदपत्रांवर तो तुकडा पसरला आणि त्यावर पाण्याचे भांडे उपडे केले. कागद कोरडे राहिले. सीमनची नोकरीही राहिली! १९३३ मध्ये त्याला पेटंट मिळाले. शंभर वर्षांचे आयुष्य भोगून तो १९९९ मध्ये वारला.

मला या गोष्टीतले पाण्याचे भांडे आवडले नाही इतके ते पडद्याचे शिवण आवडले. प्रयोगशाळेत पदार्थ सापडला खरा, पण त्याचा उपयोग सापडला तो शिवणाऱ्या बाईच्या मांडीवर. लेकीच्या पिशवीतली ती पारदर्शक खिडकी अशी पहिल्यापासूनच सुईदोऱ्याच्या नात्यातली आहे.

आणि आज? गुडरिचने टायरांचा धंदा १९८०च्या दशकात हातावेगळा केला; व्हिनाइलचा विभाग १९९३ मध्ये वेगळा झाला; १९९९ मध्ये कंपनीचे मुख्य कार्यालयही दुसऱ्या राज्यात गेले. ज्या गावाने जगाला मऊ प्लास्टिक दिले, त्या गावात आता उरल्या आहेत त्या विटांच्या इमारती.

* * *

दुसऱ्या रविवारी आम्ही पूर्वेकडे निघालो. ओहायोची सीमा ओलांडली, की पेनसिल्व्हेनिया. डोंगर बुटके, झाडी दाट. सुमारे दोन तासांनी मीडव्हिल आले. गावात शिरताना रस्त्याच्या कडेला एक लांबलचक कुंपण दिसते. रस्त्यांवरच्या जुन्या पाट्या कापून, जोडून, त्यांची चित्रे करून ते सजवले आहे. पिवळे, हिरवे, लाल तुकडे एकाला एक लावलेले. मी म्हटले, "ही तर पत्र्याची गोधडी!"

मीडव्हिल हे चेनचे गाव. पण ती इथवर आली ती फार ठेचा खात. १८९३ मध्ये व्हिटकोंब जडसन नावाच्या गृहस्थाने बुटांसाठी आकड्यांची सरकती कडी शोधली आणि त्याच वर्षीच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडली. लोकांनी पाहिली आणि पुढे गेले. ती कडी ऐन वेळी उघडे, नको तेव्हा अडके. कंपनी शिकागोहून ओहायोतल्या एलिरियाला गेली, तिथून न्यू जर्सीतल्या होबोकेनला. मीडव्हिलचे एक वकील, लुइस वॉकर, तेवढे पैसे आणि विश्वास घालत राहिले.

होबोकेनच्या कारखान्यात गिडियन सुंडबॅक हा स्वीडनहून आलेला इंजिनियर होता. कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. १९११ मध्ये ती वारली. त्या दुःखात त्याने स्वतःला कामात गाडून घेतले. १९१३ च्या अखेरीला त्याला वाट सापडली. त्याने आकडे काढूनच टाकले. त्यांच्या जागी एकसारखे दात बसवले. प्रत्येक दाताला वर एक बारीक उंचवटा आणि खाली तेवढाच खळगा. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात. सरकणारी कडी दोन्ही ओळींना एका ठरावीक कोनात जवळ आणते आणि दात एकमेकांत बसतात. उलट ओढली, की मधली पाचर त्यांना सोडवते. पूर्वी इंचाला चार आकडे असत. त्याने इंचाला दहा दात केले. कंपनी त्याच वर्षी मीडव्हिलला आली. १९१७ मध्ये पेटंट मिळाले.

आणि वाचकहो, या चेनला पहिले गिऱ्हाईक कोण मिळाले असेल? तुम्ही म्हणाल, झगे शिवणारे शिंपी. मुळीच नाही. पहिल्या महायुद्धात आरमारातल्या खलाशांना पैसे ठेवायला कमरेचे पट्टे हवे होते. त्यांना ही चेन लागली. त्यानंतर तंबाखूच्या पिशव्यांना लागली. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे, तर आधी कसा आणि मग चंची! चेन जगात आली ती पिशवीच्या मार्गाने. झग्यांनी आणि विजारींनी तिला पुढे कितीतरी वर्षांनी घरात घेतले.

कंपनीने १९३७ मध्ये टॅलन हे नाव घेतले. या लहानशा गावातली हजारो माणसे तिच्यात कामाला होती. मग जपानच्या तादाओ योशिदाने १९३४ मध्ये काढलेला छोटा धंदा युद्धानंतर मोठा झाला. आज तुमच्या पर्सच्या चेनवर नीट पाहा. वाय, के, के ही तीन अक्षरे दिसण्याचा संभव आहे. तो हाच. टॅलनने १९९०च्या दशकात मीडव्हिल सोडले. सुंडबॅक त्याआधीच, १९५४ मध्ये, याच गावात वारला होता. ते त्याला पाहावे लागले नाही.

गावात १८७० चा जुना बाजार अजून भरतो. तिथे आम्ही मध आणि सफरचंदे घेतली. गावात अजून हत्यारे आणि साचे करणारे लहान कारखाने पुष्कळ आहेत. दात पाडणारी यंत्रे ज्यांनी घडवली, त्यांच्या हातची विद्या दुसऱ्या कामाला लागली. चेन गेली, पण हात राहिले. परत येताना मोटारीत मी हे लेकीला बोलून दाखवले. ती नुसती हसली. तिला माझ्या पेटीतली गोधडी आठवली असणार, आणि मलाही.

* * *

होम्स परगणा ॲक्रनच्या दक्षिणेला एका तासावर. रस्ता चढउतारांचा. एका वळणावर काळी घोडागाडी आडवी आली आणि काळ शंभर वर्षांनी मागे सरकला. हा आमिश लोकांचा मुलूख. १६९३ मध्ये स्वित्झर्लंड आणि आल्सास भागात याकोब अमान या धर्मपुरुषाने ज्यांचा वेगळा पंथ केला, त्यांचे हे वंशज. या परगण्यात जवळजवळ निम्मी वस्ती त्यांची. घरी जर्मन वळणाची बोली बोलतात. बाहेरच्या साऱ्यांना, मग तो कोल्हापूरचा का असेना, 'इंग्लिश' म्हणतात! घरांना विजेच्या तारा जोडलेल्या नाहीत. फोटो काढलेला त्यांना आवडत नाही, म्हणून लेकीने कॅमेरा पिशवीतच ठेवला.

बायकांचे कपडे साधे, एकरंगी, लांब. आणि गंमत पाहा, त्या कपड्यांना चेन नसते! बहुतेकांच्या अंगावर बटणेही नसतात. झगा टाचण्यांनी बंद करतात. प्रत्येक मंडळीचे नियम थोडे निराळे, पण चेनेला अंगावर जागा नाही. ज्या वस्तूसाठी सुंडबॅकने आयुष्य घातले, ती वस्तू दोन अडीच तासांच्या अंतरावरच्या या बायकांनी घेतलीच नाही. आणि त्यांच्या गोधड्या मात्र जगभर जातात.

गोधडी हा शब्द मी मुद्दाम वापरते. तिकडे तिला क्विल्ट म्हणतात. वरचा थर लहान तुकडे जोडून केलेला, मध्ये कापसाचा मऊ थर, खाली अस्तर. आणि तिन्ही थर धरून ठेवणारा धावदोरा. ही कला त्यांनी युरोपातून आणलेली नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या शेजारणींकडून ती उचलली आणि अशी आपलीशी केली, की आज साऱ्या देशात त्यांचेच नाव घेतले जाते. जावयांनी सासर म्हटले ते याच अर्थाने. लाकडी चौकटीवर गोधडी ताणतात आणि भोवती आठ-दहा बायका बसतात. गप्पा चालू, हात चालू. इंचाला आठ-दहा टाके पडले, तर हात चांगला म्हणतात. इंचाला दहा! मला मीडव्हिलचे दात आठवले. त्या गावात दहांसाठी यंत्र लागले. इथे एक सुई आणि थोडी फुरसत पुरते.

बर्लिन नावाच्या गावात आम्ही एका दुकानात शिरलो. भिंतींवर गोधड्या टांगलेल्या. काळ्या जमिनीवर जांभळे, निळे, शेंदरी चौकोन. काहींत लग्नाच्या अंगठ्यांसारखी एकमेकींत गुंतलेली कडी. किंमत हजार डॉलरच्या घरात. मागच्या खोलीत एक म्हातारी पायमशीनवर बसली होती. आमच्या माजघरात होते तसेच मशीन, तशीच लोखंडी जाळीची पायपट्टी. मला एकदम परके वाटेनासे झाले. आणि पुढच्या टेबलावर काय? कापडी टाक्यांच्या, चेन लावलेल्या लहान पिशव्या! पाहुण्यांच्या वस्तूला चेन चालते; आपल्या अंगावर नको.

लेकीने आमची गोधडी बरोबर घेतली होती. तिने ती म्हातारीपुढे ठेवली. वरची बाजू न पाहताच म्हातारीने ती उलटली आणि मागचे टाके पाहिले. हे जाणत्या हाताचे लक्षण. अंगठ्याने तिने एक इंच मोजला, ओठ हलवून टाके मोजले आणि मान डोलावली. मग तिने मध्ये चाचपून विचारले, की कापूस कुठे आहे? लेकीने सांगितले, कापूस नाही. आमच्याकडे मध्येही जुने कपडेच असतात. म्हातारीने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "म्हणजे ही होण्याआधी हे सारे काय होते?"

मी बोट ठेवत गेले आणि लेक सांगत गेली. हे हिरवे, आईचे इरकली लुगडे. माझ्या धाकटीच्या बारशाला नेसलेले. हे वडिलांचे धोतर. हा चौकटीचा तुकडा अक्काच्या शाळेच्या परकराचा. हा पिवळा आजीच्या पातळाचा काठ. आजी गेल्यावर आईने तो सोडवून घेतला होता. मी सांगत होते आणि सांगता सांगता माझे बोट थांबले. आजीच्या पातळाला आईने कात्री लावली होती! वडिलांच्या धोतराला, अक्काच्या परकराला, सगळ्यांना लावली होती. तिला त्यात काही गैर वाटले नव्हते. लुगडे विरले, की गोधडी. गोधडी फाटली, की नव्या गोधडीच्या पोटात भर. आमच्या घरात कापड मरत नसे, पुढच्या जन्माला जाई.

म्हातारी पुढे काही बोलली नाही. तिने घडी घालून गोधडी माझ्या हातात दिली, सरळ बाजू वर करून.

* * *

पुढच्या आठवड्यात आम्ही मायलेकी शिवायला बसलो. आता कृती थोडक्यात सांगते. घरी मशीन असलेल्या माझ्या मैत्रिणींना ती हवी असणार.

जुनी गोधडी कापायची, तर आधी कापायचे नाही. जिथे कापणार, त्या रेषेच्या आत पाव इंचावर मशीनची टीप मारून घ्यायची. नाही तर कात्री लागताच हातचे टाके सुटत जातात. मग नऊ इंच रुंद आणि सात इंच उंच असे चार तुकडे. जिथे कापड विरळ होते, तिथे फाटक्या कोपऱ्यातल्या पट्ट्यांचा थर मागून दिला. काहीच फुकट गेले नाही.

चेन लागेल त्याहून दोन इंच मोठी घ्यावी, आणि ती नायलॉनची. मग ती हवी तिथे मशीनखाली शिवता येते आणि टोक कापता येते. धातूच्या दातांवर सुई मोडते. प्लास्टिक वाराने मिळते, पातळ कागदाच्या थराबरोबर गुंडाळलेले. फार पातळ घेऊ नये, सुरकुत्या पडतात. फार जाड घेऊ नये, वळत नाही. घडीच्या खुणा पडल्या असतील, तर घटकाभर उन्हात ठेवले की जातात. इस्त्री मात्र चुकूनही लावू नये, वितळते.

प्लास्टिकच्या कडेला कापडाचा गोट लावून तो चेनच्या एका काठाला शिवायचा. दुसरा काठ गोधडीच्या तुकड्याला. शिवताना मशीनचा पाय प्लास्टिकला चिकटतो आणि पुढे सरकत नाही. म्हणून मध्ये पातळ कागद धरावा, टीप झाल्यावर फाडून काढावा. टाचणी लावायची नाही, बारीक चिमटे लावायचे. टाका लांब ठेवायचा. बारीक घातला तर पोस्टाच्या तिकिटांसारखी भोके पडून तिथेच फाटते. शेवटी तिन्ही बाजू शिवण्यापूर्वी चेन अर्धी उघडून ठेवायची, म्हणजे पिशवी सुलटी करता येते.

टाचणी का नाही, असे मी विचारले. लेक म्हणाली, "आई, कापडातले भोक बुजते, सूत आपल्या जागी परत येते. प्लास्टिकमध्ये सुई एकदा गेली, की ती खूण कायमची. उसवता येत नाही."

मी आईच्या गोधडीकडे पाहिले. तिच्यात किती ठिकाणी उसवून पुन्हा शिवले होते! एका बाजूची ओळ वाकडी गेलेली, मग परत सरळ केलेली. एकाही भोकाची खूण नव्हती. कापडाला क्षमा करता येते. बहिणींचेही सूत तसेच असावे, असे माझ्या मनात आले. फक्त कुणीतरी पहिला टाका उसवायला हवा.

जावयांनी तयार पिशव्या हातात घेऊन शास्त्रीय इशारा दिला. प्लास्टिक मऊ राहते ते त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. वर्षांमागून वर्षे ते द्रव्य उडून जाते आणि प्लास्टिक पिवळे, कडक होते. फोटो त्यात ठेवू नयेत, चिकटतात. खाण्याची वस्तूही ठेवू नये. "म्हणजे आई, पिशवीत सगळ्यांत आधी जाईल ती ही नवी खिडकी. जुने कापड तिच्यापेक्षा जास्त टिकेल." म्हणून लेकीने गोट हाताने शिवला. खिडकी तडकली, की गोट उसवायचा, नवी लावायची, पुन्हा शिवायचा. तेवढे काम नातीला येईल अशी तिची खात्री आहे.

* * *

चार पिशव्यांपैकी हिरव्या इरकलीची अक्काला दिली, सोबत तिच्याच परकराचा चौकडीचा तुकडा येईल अशी बेतून. धोतराची धाकटीला, पिवळ्या काठाची शेंडेफळाला. चौथी माझ्याकडे आहे. तिच्यात चष्मा, बँकेचे पुस्तक आणि किल्ल्या असतात.

धाकटीने दुसऱ्याच दिवशी फोनवर सांगितले, की तिने पिशवीत मोबाइलचा चार्जर ठेवला आहे आणि आता तो घरात हरवत नाही. शेंडेफळाने शिवणाचे सामान ठेवले. अक्काचा फोन पंधरा दिवस आला नाही. मग एका संध्याकाळी आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी विचारले, "पिशवीत काय ठेवतेस?"

"काही नाही," अक्का म्हणाली. "काही ठेवले, की पुढून झाकते ना. रिकामी असली, की आतून आईचे टाके दिसतात."

मी म्हटले, "अक्का, पिशवी आहे ती. वापर. आईने पाहिले असते तर रागावली असती."

पलीकडे ती थोडा वेळ गप्प राहिली. "तेही खरेच म्हणा," ती म्हणाली. "रक्तदाबाच्या गोळ्या ठेवीन. त्या सकाळी घ्यायच्या असतात आणि मी विसरते." आणि मग, बऱ्याच दिवसांनी, तिने मला विचारले, "तू दिवाळीला येतेस ना?"